हॅडलफेनचा उघडा खांब

१

आमच्या हॅडलफेनमधला रेल्वेचा पूल नऊ फूट उंच आहे आणि ट्रक साधारणपणे त्याहून उंच असतात. गावाचा आधुनिक इतिहास एवढाच.

या पुलाला आम्ही 'बिशप' म्हणतो. मान झुकवून गेलात तर तो काही करत नाही. ताठ मानेनं गेलात तर तो तुमचा टप काढून घेतो. आजवर त्यानं सोफे घेतले, गोठवलेले मासे घेतले, एकदा एका लग्नाचा तीन मजली केक घेतला. त्या लग्नाचं पुढे काय झालं, ते कळलं नाही.

बिशपनं कुणाला आशीर्वाद दिला की आवाज गावभर जातो आणि आम्ही घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतो. त्यात कुचेष्टा नसते, असं आम्ही एकमेकांना सांगतो. आमच्या पाद्रीणबाई, रेव्हरंड प्रुडन्स मेबी, थर्मास घेऊन सगळ्यांच्या पुढे असतात. ड्रायव्हरला पहिला चहा त्यांच्या हातचा, असा शिरस्ताच आहे. 'ईल अँड बास्केट' या आमच्या पबचा मालक लेन गॅदरकोल फोटो काढतो. ट्रकचा एखादा तुकडा उचलून तो पबच्या भिंतीवर टांगतो आणि खाली पितळी पट्टी ठोकतो. इतर गावांत शिकारीतली शिंगं असतात, तसं.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी टेरी स्केफ नावाचा हल शहराचा ड्रायव्हर बिशपवर आदळला. मोठा रस्ता पाइप टाकायला बंद होता, म्हणून तो आमच्याकडून निघाला होता. ट्रकमध्ये बिस्किटं होती. टप सोलला गेला, केबिन चेपली, टेरीची मान आणि उजवा पाय मोडला. पुलावरून येणारी गाडी वेळेवर थांबवली म्हणून बरं. तिच्यात शाळेची सहल होती. त्यामुळे प्रकरण खुर्च्यांच्या पलीकडे गेलं.

दवाखान्यात टेरीचा जबाब घेतला, तेव्हा तो म्हणाला, "फाट्यावर पाटी नव्हती."

फाटा महत्त्वाचा आहे. तिथे लाल काठाची मोठी त्रिकोणी पाटी आहे : पुढे नऊ फुटी पूल. ती वाचून ट्रक डावीकडे वळला की सुटला. फाटा चुकला की दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, गाडी फिरवायला जागा नाही, एक वळण, आणि वळणाआड बिशप उभा.

पोलीस पोचले तेव्हा पाटी जागच्या जागी होती. त्यांनी तिचा फोटो काढला. गावातल्या ज्याला त्याला विचारलं आणि ज्यानं त्यानं सांगितलं, पाटी आहे की. म्हणजे टेरी एक तर खोटारडा किंवा आंधळा. ट्रक चालवणाऱ्याला यातलं एकही परवडत नाही.

त्याच दिवशी दुपारी, फुलांनी सजवलेल्या गावांच्या 'फुलगाव' स्पर्धेचे परीक्षक खूश होऊन परत गेले, आणि पुढे सप्टेंबरात निकाल आला. आमच्या गावाला आयुष्यात पहिल्यांदा पहिलं बक्षीस मिळालं. निकालाच्या मागोमाग ग्लेनिस प्रॉबर्ट आली.

२

ग्लेनिस ट्रकवाल्यांच्या संघटनेची. बाई वेल्सची, ठेंगणी, रुंद. चेहऱ्यावर कायम असा भाव, की ती नुकतीच कुणाच्या तरी मयताहून आली आहे आणि तिथलं जेवण बरं होतं. ती कुणाकुणाशी काय बोलली हे मला कसं ठाऊक, असं विचाराल तर हॅडलफेनमध्ये सकाळचं खाजगी बोलणं दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं.

ती आधी पबमध्ये गेली.

"चहा?" लेननं विचारलं.

"पबमध्ये?"

"ड्रायव्हरांची माणसं आली की आम्ही चहाच देतो. हाताला सवय झालीय."

ग्लेनिसनं भिंत बघितली. आरसे, दिव्यांच्या काचा, पत्र्याच्या पट्ट्या. टेरीच्या ट्रकचा आरसा दाराजवळ होता. येणाराजाणारा त्यात बघून केस सारखे करायचा.

"पुढच्या महिन्यात टेरीच्या परवान्याची सुनावणी आहे," ती म्हणाली. "तो कबुली देणार आहे. पाटी होती, मलाच दिसली नाही, असं सांगणार आहे."

"मग झालं की."

"झालं कुठे? परवाना कायमचा जाईल. एकतीस वर्षं चालवतोय तो, साधा ओरखडा नाही. आणि आता त्याला स्वतःलाच वाटायला लागलंय की आपले डोळे फुटले होते. बायको म्हणते, जाऊ दे रे, होतं माणसाकडून. पायापेक्षा ते जास्त दुखतंय त्याला."

लेननं चहा ढवळला. चहा तिचा होता.

"पाटी अगदी स्पष्ट दिसत होती," तो म्हणाला.

"ट्रक आदळले की तुमचं बरंच होत असेल ना? लोक बघायला येतात. भिंत भरते."

"म्हणजे पाटी मी लपवली, असं म्हणायचंय."

"मी म्हटलं नाही."

"म्हणा हो. पण बाई, बिशपला मदत लागत नाही. पाटी असूनही आदळतात. एक पठ्ठ्या तर पाटीचा फोटो काढून पुढे गेला आणि आदळला."

ग्लेनिस फोटोंकडे वळली होती. "हे थर्मास घेतलेलं कोण? प्रत्येक फोटोत पुढे आहेत."

"पाद्रीणबाई आमच्या. पहिला चहा त्यांचा."

ती टेरीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. खुर्च्या होत्या, माणसं होती, विस्कटलेली बिस्किटं होती.

"यात नाहीत त्या. टेरीला चहा कुणी दिला?"

"मी."

"साखर नव्हती म्हणाला."

"गडबडीत राहिली." लेन स्वच्छ पेला पुन्हा पुसायला लागला. "आणि एक सांगतो. आयव्हीकडे तेवढं जाऊ नका. वय झालंय तिचं. सोसायचं नाही तिला."

ग्लेनिसनं चहाचा कप खाली ठेवला. आयव्ही हे नाव ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

३

बेरिल कॅचपोल ही फुलसमितीची अध्यक्ष. समितीत बाकीही लोक आहेत, ते कुंड्या उचलतात. बेरिलच्या स्वयंपाकघरात बक्षिसाची ताटली टोस्टच्या यंत्राशेजारी उभी केली होती. येणाऱ्याला ती दिसावी आणि मुद्दाम ठेवलीय असं मात्र दिसू नये, अशा बेतानं.

"चहा घ्याच," बेरिल म्हणाली. "पाटीबद्दल विचाराल, तर पाटी अगदी स्पष्ट दिसत होती."

"लेन पण हेच म्हणाले. याच शब्दांत."

"स्पष्टला दुसरा शब्द काय आहे?"

ग्लेनिसनं चहा घेतला. मग म्हणाली, "तुमचं गाव मात्र बघत राहावं असं आहे. ते लोकरीचं सगळं कुणाची कल्पना?"

इथे बेरिल फुलली. कारण खरोखरच गावभर लोकर होती. टपालपेटीच्या डोक्यावर मधमाश्यांची टोपी. बसथांब्याच्या खांबाला पट्ट्यापट्ट्यांचा मोजा. बाकांच्या हातांना बाह्या. पाण्याच्या जुन्या पंपाला मफलर. कुत्र्यांच्या घाणीची पेटी असते ना हिरवळीवर, तिलासुद्धा तपकिरी विणलेलं जाकीट, चार बटणांचं.

"ग्रेट स्नोडिंग दर वर्षी जिंकायचं," बेरिल म्हणाली. "त्यांच्याकडे तळं आहे. तळ्यात हंस आहेत. आमच्याकडे काय, बिशप. मी म्हटलं, सौंदर्य नाही ना आपल्याकडे, मग निदान कुरूप ते झाकू. हिवाळाभर सगळ्यांच्या हातात सुया होत्या. गावात कुरूप म्हणून जे जे होतं, त्यातलं काही उघडं ठेवलं नाही."

"काहीच नाही?"

"एक खिळा नाही."

"वा," ग्लेनिस म्हणाली.

"आणि हे बघा, आयव्हीला भेटायची तसदी घेऊ नका. तिला दिसत नाही फारसं. अपघाताचं तिला आम्ही नीटसं सांगितलेलंही नाही."

ग्लेनिस तिथून पायी फाट्यावर गेली. पाटीच्या समोर उभी राहिली, मग मागे गेली. पाटीचा खांब करडा, गंजलेला, वर पक्ष्यांनी केलेली रंगरंगोटी. पाठीमागे पत्र्यावर हिरवं शेवाळ चढलं होतं. त्या शेवाळात, कडेकडेनं तिन्ही बाजूंना, बोटभर रुंदीचा पट्टा घासून गेल्यासारखा फिका होता. नाडीनं काहीतरी आवळून बांधलं आणि मग ओढून काढलं, तर उमटेल तसा.

ती रस्त्याच्या कडेला बसली. हॅडलफेनमध्ये घाणीच्या पेटीला जाकीट होतं. एक खिळा उघडा नव्हता. आणि गावात शिरताना परीक्षकांना सगळ्यांत आधी दिसणारा, सगळ्यांत कुरूप असा हा एकच खांब नागडा उभा होता.

४

रेव्हरंड प्रुडन्स मेबी चर्चमागच्या खोलीत भेटल्या. त्यांनी आधी चहाचं विचारलं. ग्लेनिसनं आधी स्वच्छतागृह विचारलं. तो तिचा दिवसातला पाचवा चहा होता.

परत आल्यावर पाद्रीणबाईंनी तिला चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्याची ठेवणीतली खुर्ची दिली. तिच्यावर निळी, फुगलेली गादी होती. माणूस त्या गादीवर बसत नसे, चढत असे.

"तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत?" ग्लेनिसनं वरून विचारलं.

"त्यांनी विचारलं, फाट्यावर पाटी आहे का. मी म्हटलं, आहे."

"होती का, असं नाही विचारलं?"

"नाही." पाद्रीणबाईंनी हात मांडीवर जुळवले. "पोलिसांचं काळाकडे लक्ष कमी असतं."

"आवाज झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. थर्मास भरत होते."

"मग चहा घेऊन तुम्ही टेरीकडे का नाही गेलात? तो तासभर अडकून होता. त्याला आठवतंय, कुणीतरी बिनसाखरेचा कप खिडकीतून दिला."

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. ते यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"माणसाला एका वेळी एकाच दिशेनं पळता येतं, मिसेस प्रॉबर्ट," पाद्रीणबाई शेवटी म्हणाल्या. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "आयव्हीकडे जाऊ नका. माझी विनंती आहे."

"तुम्ही तिसऱ्या."

ग्लेनिस उठली, बाहेर आली आणि कबरींमधल्या वाटेवर थांबली. तिचा स्कर्ट काळा होता. त्याच्या मागच्या बाजूला, जिथे माणूस बसतो बरोबर तिथे, पिवळ्याधमक लोकरीचा वीतभर धागा चिकटला होता.

५

एखाद्या दारावर जाऊ नका असं तिघांनी सांगितलं, की ते दार वाजवायलाच लागतं.

आयव्ही टडनहॅम अठ्ठ्याऐंशी वर्षांची. लहान मुलांच्या शाळेत ती चाळीस वर्षं बाई होती. अर्ध्या गावाचं नाक तिनं पुसलेलं आहे. डोळ्यांत आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं, पण हातातल्या सुया चालू होत्या.

"बस," ती म्हणाली. "चहा देत नाही. मागच्या वेळी मी किटलीऐवजी फुलदाणीत ओतला आणि पाहुणा म्हणाला, छान झालाय."

ग्लेनिसला ही बाई आवडली.

"काय विणताय?"

"काय ते मला माहीत. दिसायला कसं झालंय ते इतरांना माहीत. यंदा स्पर्धेसाठी मी पण एक केलं. बेरिलनं सांगितलं, घाणीच्या पेटीच्या झाकणाला काहीतरी कर. सूर्यफूल केलं मी. पिवळं. पाकळ्या मोठ्या, मधे काळं. पूर्वी डोळे मिटून करायचे ना, तसंच."

"माप कसं घेतलंत?"

"बेरिलनं हातांनी दाखवलं. एवढं, म्हणाली. मी म्हटलं, बरं."

"तुम्हाला दिसलं?"

"नाही. पण तिला पुन्हा विचारायचं म्हणजे तिला कळणार, की मला दिसत नाही हे ती विसरली. मग ती ओशाळली असती." सुया थांबल्या. "चर्चमध्ये सगळे म्हणाले, आयव्ही, काय सुंदर दिसतंय. तू बघितलंस का ग? बसलंय का नीट पेटीवर?"

ग्लेनिसच्या डोळ्यांसमोर हिरवळीवरची पेटी आली. तपकिरी जाकीट, चार बटणं. पिवळं काही नाही.

तिचं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शब्द आले, "छान बसलंय."

गाडीत जाऊन ती स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. हॅडलफेनमध्ये येऊन तिला पुरते दोन दिवसही झाले नव्हते.

६

शनिवारी गावच्या सभागृहात बक्षिसाचा समारंभ होता. ग्लेनिसला बोलावणं गेलं, कारण न बोलावणं बरं दिसलं नसतं. ती आली, कारण त्याचीच ती वाट बघत होती. चहा, काकडीचे सँडविच, ताटलीच्या आकाराचा केक. आयव्ही पहिल्या रांगेत, लेनच्या दंडाला धरून आली.

बेरिलचं भाषण झाल्यावर ग्लेनिस उभी राहिली. "दोन मिनिटं घेते. चहा चालू ठेवा."

कुणी चालू ठेवला नाही.

"मला आधी वाटलं, पाटी कुणीतरी काढली असेल. मग वाटलं, लेननं, धंद्यासाठी."

"आभारी आहे," लेन म्हणाला.

"पण पाटी काढलेली नव्हती. खांब जमिनीत पक्का आहे, बोल्ट गंजून एकजीव झालेत. काढलं असतं तर बोल्टनी सांगितलं असतं. म्हणजे पाटी जागेवर होती आणि दिसत नव्हती. झाकलेली होती. आता या गावात झाकायचं काम कोण करतं, हे मी येताना बसथांब्यापासून बघत आले. फाट्यावरचा तो एकच खांब उघडा. बेरिल म्हणाल्या, एक खिळा उघडा ठेवला नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या सकाळी तो खांबही उघडा नव्हता. मागच्या शेवाळावर नाडीचा वण अजून आहे."

बेरिल केकच्या सुरीकडे बघत होती.

"मग ते काढलं कुणी? गावातली माणसं आवाज झाला की पुलाकडे पळतात. फोटोत सगळी आहेत. एक नाही, आणि ती नेमकी सगळ्यांच्या पुढे असणारी. ती दुसऱ्या दिशेनं पळाली, फाट्याकडे. पोलीस यायच्या आत नाडी सोडली. पण फेकवेना. जाळवेना. म्हणून घडी करून निळ्या गादीच्या खोळीत घातलं आणि मला तिच्यावर बसवलं."

"मी तुम्हाला दुसरी खुर्ची द्यायला हवी होती," रेव्हरंड मेबी हलक्या आवाजात म्हणाल्या.

"एका परीक्षकाला मी फोन केला. तो परगावचा, त्याला काय लपवायचंय? मी म्हटलं, हॅडलफेनमध्ये काय आवडलं? म्हणाला, शिरतानाच फाट्यावर खांबावर लावलेलं..." ग्लेनिस थांबली. पहिल्या रांगेकडे तिनं बघितलं आणि तिला पुढचा शब्द येईना.

बेरिलनं मान हलवून तिला विनवलं, नको.

"मग तुमच्यापैकी कुणीतरी सांगा," ग्लेनिस म्हणाली. "तिकडे हल शहरात एक माणूस आहे. रोज रात्री तो फाटा डोळ्यांपुढे आणतो आणि स्वतःला पाटी दाखवायचा प्रयत्न करतो. पुढच्या महिन्यात तो उभा राहून म्हणेल, चूक माझी. कुणीतरी सांगा."

आम्ही आमच्या कपांत बघितलं. हॅडलफेनच्या कपांत इतकं बघण्यासारखं कधी नव्हतं.

"पिवळं होतं का?" आयव्हीनं विचारलं.

बेरिलचा चमचा बशीवर पडला. तेच उत्तर होतं.

"ते पेटीला मोठं झालं, होय ना, बेरिल?"

"फार मोठं झालं, आयव्ही." बेरिल म्हणाली. "छत्रीएवढं झालं होतं. तू पाच महिने विणलंस. परत कसं देणार? आणि लावलं नसतं तर तू विचारलं असतंस, कुठे लावलंय. मी गावभर धरून बघितलं. ते दुसऱ्या कशालाच बसेना. एका सकाळचा तर प्रश्न होता. परीक्षक गेले की काढणारच होते."

"आणि सकाळी फाट्यावरून किती जण गेलात?"

आयव्हीनं हा प्रश्न वर्गात विचारावा तसा विचारला आणि आम्ही वर्गात उभे राहावं तसे उभे राहिलो. आधी लेन. तो पाव आणायला गेला होता. "मला वाटलं, बेरिलनं कुणाला तरी विचारलं असेल." मग शाळेची बस चालवणारा. मग दूधवाला. मग मागच्या रांगा. मला वाटलं पाद्रीणबाई सांगतील. मला वाटलं आपण नवीन आहोत गावात. हे म्हणणारा अकरा वर्षं नवीन होता. मला वाटलं, बोललो आणि ते आयव्हीच्या कानावर गेलं तर. खुर्च्या सरकण्याचा आवाज बराच वेळ चालला. बसलेलं असं शेवटी फक्त आयव्ही उरली.

"मी प्रत्येकाला विचारलं होतं, कसं झालंय," ती म्हणाली. "एकेकाला. हात धरून."

"सुंदर झालं होतं ग, आयव्ही," कुणीतरी मागून म्हणालं. ते खरं होतं, पण आता ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

"त्या माणसाकडे मला न्या," आयव्ही म्हणाली. "आणि तुम्ही सगळे या. एकट्या बेरिलला पुढे करू नका. ते तुम्हाला छान जमेल."

७

सुनावणीला आम्ही बस करून गेलो. एरवी अशा बसमध्ये गाणी होतात.

टेबलामागच्या बाईंनी आमच्यापैकी एकेकाला उभं केलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं : पाटी झाकलेली तुम्ही पाहिली होती का? प्रत्येकानं हो म्हटलं. हा शब्द इतका छोटा आहे, हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं. पाद्रीणबाईंना जरा जास्त बोलावं लागलं आणि पोलिसांकडे त्यांना नंतर वेगळंही बोलावं लागणार होतं. बेरिलनं कागद नेला होता, तो तिनं उघडलाच नाही.

टेरी स्केफ भिंतीकडेला बसला होता. मानेला पट्टा, हाताशी काठी, शेजारी बायको. पहिला 'हो' झाला तेव्हा बायकोनं त्याच्याकडे वळून बघितलं. पाचव्या की सहाव्या 'हो'ला तिनं तोंडावर हात धरला. तो समोर बघत राहिला. फाटा त्याला आता दिसत असावा.

परवाना राहिला.

बाहेरच्या लांबट खोलीत आम्ही रांगेनं उभे होतो, चर्चला जायच्या कपड्यांत. काय बोलायचं ते बसमध्ये ठरलं होतं. माफी पाद्रीणबाई मागणार, बेरिल फुलं देणार, लेन आरसा परत देणार. ग्लेनिस दारात उभी होती. आम्हाला मदत करायची तिला काही गरज वाटत नव्हती.

टेरी काठी टेकत आला. आमच्यासमोर थांबला. अनोळखी माणसांची एवढी लांब रांग बघून तो गोंधळला आणि पाद्रीणबाईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माफ करा हं. माझ्यापायी तुम्हा सगळ्यांना एवढ्या लांब यावं लागलं."

आणि बेरिल, जन्माच्या सवयीनं, म्हणाली, "छे छे, त्यात काय एवढं."

ते शब्द बाहेर पडले आणि खोलीत तसेच उभे राहिले. ते परत घ्यायला कुणी पुढे झालं नाही. पाद्रीणबाईंची माफी मागायची राहून गेली. लेननं आरसा पाठीमागे धरला.

आयव्हीनं हवेत हात फिरवून टेरीची बाही शोधली.

"तू माफी मागू नकोस, बाळा," ती म्हणाली. "ही माणसं ती ठेवून घेतात."

ती हे म्हणेपर्यंत आम्ही ठेवून घेतली होती.